वगळलेली पावलं

मिल्का वाक्रुळकरचा डावा पाय चालताना किंचित घासतो. पुढे जे काही वाटोळं झालं ते त्या पायापासूनच सुरू झालं, असं तिची आई म्हणते. आईचं काय घेऊन बसलात. तिच्या मते जगातलं सगळंच कुणाच्या ना कुणाच्या पायगुणानं होतं. पण या खेपेला म्हातारीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वी मिल्का इस्रायलच्या जमीनमोजणीत नवी लागली होती. दुर्बिणीची तिवई खांद्यावर घेऊन बैत सुमाक गावच्या उतारावर ती चालली होती आणि एका दगडी बांधावरून धाडकन पडली. घोटा सुजून हा एवढा भोपळा झाला. जवळच्या एकट्या घरातून एक पॅलेस्टिनी बाई धावत आली. तिनं मिल्काला पडवीत नेलं, ऑलिव्हचं तेल कोमट करून पाय चोळला आणि पट्टी बांधताना मोजणीवाल्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. ती झुहदिया. मिल्काहून बारा वर्षांनी मोठी, तोंडानं फटकळ आणि नवरा नुकताच वारलेला.

मिल्काच्या आईनं लगेच एलियाहू हन्नबीला, म्हणजे कोकणातले यहुदी ज्याला मानतात त्या प्रेषिताला, नवस बोलला. रेवदंड्याजवळच्या गावातून इस्रायलला येऊन तिला पन्नास वर्षं होऊन गेली होती, पण नवस मराठीतूनच. पाय बरा झाला तेव्हा तिनं मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर पाच फळं. प्रार्थना झाल्यावर त्यातलं एक पितळी ताट भरून तिनं लेकीच्या हाती दिलं. "त्या बाईला देऊन ये. पाय तिनं बरा केला, नबीनं नुसती साक्ष दिली."

आठ दिवसांनी ताट परत आलं ते अंजिरांनी भरून. आई हरखलीच. "बघ गो, रिकामं भांडं परत करू नये हे त्यांच्यातही आहे!" तेव्हापासून ते ताट दर वर्षी मलिदा घेऊन जाई आणि कधी अंजीर, कधी खारवलेले ऑलिव्ह, कधी वाळवलेली पुदिन्याची जुडी घेऊन येई. एकोणीस वर्षांत एकदाही रिकामं आलं नाही.

आता जागा नीट ध्यानात घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. पश्चिमेला मिल्काचा मोशाव, म्हणजे शेतकऱ्यांची वसाहत. तिथून दहा मिनिटं चाललं की झुहदियाची चाळीस ऑलिव्ह झाडांची बाग, तिच्या नवऱ्यानं, नबीहनं लावलेली. बाग चढून गेलं की झुहदियाचं घर. आणि घरापासून पूर्वेला पंधरा मिनिटांवर बैत सुमाक, जिथे तिचा एकुलता एक मुलगा रमझी बायको आणि तीन मुलींसह राहायचा. मधल्या उतारावर जुनं कुंपण कधी पूर्ण झालंच नव्हतं. दोन्हीकडच्या सैनिकांना आणि पुढाऱ्यांना ठाऊक होतं, पण चाळीस झाडांसाठी डोकं कोण लावणार?

मग ती योजना आली.

बोलण्यांना कंटाळलेल्या सरकारनं ठरवलं की सीमा आपणच आखायची. समोरच्याशी चर्चा नको, त्याची सही नको, त्याचा चेहराही नको. सुंठेवाचून खोकला गेला. पण जग काय म्हणेल? तर जगाला सांगायचं की सीमा आम्ही आखतच नाही, यंत्र आखतं. त्यासाठी मापन मंडळ नेमलं गेलं, आणि मिल्का त्यात तंत्रज्ञ झाली.

यंत्र खरंच हुशार होतं, ते नाकारून चालणार नाही. जमिनीत हातभर खोल काचेच्या तारांचं जाळं पुरायचं. तार केसाएवढी बारीक. तिच्या एका टोकातून प्रकाशाचा झोत सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतातच, त्यांच्यावर आपटून थोडा प्रकाश मागे फिरतो. वरून कोणी चाललं की माती थरथरते, तार इवलीशी ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळात परतला यावरून पाऊल कुठे पडलं ते कळतं. आणि दोन माणसांची चाल कधीच सारखी नसते. वजन, लय, टाच आधी की चवडा, सगळं वेगळं. आठवडाभर ऐकलं की यंत्र प्रत्येकाला त्याच्या पावलावरून ओळखायचं. मिल्काचा घासणारा पाय तर त्यानं दुसऱ्याच दिवशी ओळखला होता.

असं एक वर्ष ऐकायचं. मग घरं, शेतं, विहिरी, शाळा हे सगळे ठिपके आणि त्यांच्यामध्ये जाणारी-येणारी पावलं हे दोरे. एवढ्या गुंत्यात यंत्रानं अशी कात्री चालवायची की कमीत कमी दोरे तुटतील. जिथे सर्वांत कमी पावलं ओलांडतात तिथून सीमा. पाऊल कुणाचं, यहुद्याचं की अरबाचं, हे यंत्र बघत नव्हतं. गाड्या मात्र ते मोजत नव्हतं. त्यांचा थरथराट आधीच गाळून टाकलेला असे. माणूस चालत जातो तिथेच त्याचं खरं नातं असतं, असं मंडळातल्या कुणा विद्वानाचं मत होतं.

मिल्काला हे सगळं मनापासून पटलं होतं. "आई, पहिल्यांदा कुणीतरी पुढाऱ्यांऐवजी माणसांच्या पायांना विचारतंय," ती म्हणायची.

"पायांना कशाला? तोंड काय झिजतं काय?" आई म्हणायची.

तारांना शिकवायचं काम मिल्काकडे होतं. म्हणजे ठरलेल्या वाटेवरून चालायचं, आणि यंत्र बरोबर ऐकतंय का ते पडताळायचं. तंत्रज्ञांची ही सरावाची पावलं हिशेबात येऊ नयेत म्हणून एक 'वगळा' यादी होती. पहिल्याच दिवशी मिल्कानं त्यात स्वतःचं नाव आणि चाल नोंदवली, आणि काम चोख केल्याच्या समाधानात घरी आली.

त्याच वर्षी झुहदियाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी चढउतार बंद केला. ती काठी घेऊन बागेकडे निघालेली पाहून मिल्का तिच्यावर ओरडलीच.

"बस खाली! झाडं मी बघते. तू पायरी उतरलीस तर याद राख."

"तुला छाटणी येते?"

"मोजणीवालीला सगळं येतं."

"बांधावरून पडायला तेवढं येतं," झुहदिया म्हणाली, पण बसली.

वर्षभर मिल्का रोज संध्याकाळी कामावरून आली की बागेत जायची, झाडं बघायची, मग वर घरी जाऊन पुदिन्याचा चहा प्यायची. रमझी सकाळी गावातून पिकअप घेऊन यायचा, आईला भाकरी आणि औषधं द्यायचा, शुक्रवारी मुलींना घेऊन यायचा. गाडी थेट दाराशी. झुहदियाला पंधरा पावलंही टाकावी लागू नयेत अशी सगळ्यांनी काळजी घेतली. सगळ्यांनी अगदी मनापासून घेतली.

*

वर्ष संपलं आणि कच्ची रेषा पडद्यावर आली. मिल्कानं आपला उतार मोठा करून पाहिला. रेषा बाग आणि घर यांच्या मधून गेली होती. बाग पश्चिमेला, घर पूर्वेला.

तिनं आकडा उघडला. मोशावातले लोक फिरायला बागेपर्यंत यायचे, त्या फेऱ्या होत्या. घर ते बाग, वर्षभरातल्या फेऱ्या: शून्य.

"शून्य कसं?" ती ओरडली. "मी रोज जात होते!"

तिचा वरिष्ठ गेर्शोन शेजारच्या टेबलावर सँडविच खात होता. तो उठून आला, पडद्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मिल्का, तू वगळा यादीत आहेस ना?"

तिनं कपाळावर हात मारला. यंत्राला काय कळणार, ही बाई आता कामावर आहे की चहाला चालली आहे? त्यानं तिचं प्रत्येक पाऊल इमानेइतबारे पुसलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"नाव काढता येईल?"

"येईल. तीन दिवस दुरुस्त्या घेतात. पावलं खाजगी होती असं लिहून दे." गेर्शोननं दोन कळा दाबल्या. "थांब, आधी काय होतं ते बघू."

रेषा हलली. बाग आणि घर यांच्यामधून ती उठली आणि घर ओलांडून पूर्वेला जाऊन बसली, घर आणि गाव यांच्या मधे.

मिल्काला आधी आनंद झाला, मग समजलं. तिची पावलं परत आल्यावर मोशाव, बाग आणि घर जाड दोरानं बांधले गेले होते. घर आणि गाव यांच्यामध्ये वर्षभरात चालून झालेल्या फेऱ्या होत्या एकतीस. रमझीची गाडी मोजलेलीच नव्हती.

"म्हणजे एक तर बाग जाणार," ती म्हणाली, "नाही तर गाव."

"गाव कुठे जातंय? दारं असतील, परवाने असतील. मुलगा येईल परवाना काढून. बागेचं मात्र तसं नाही, आपल्या बाजूला मालक नसलेली जमीन राहिली की ती मंडळाची होते." गेर्शोननं सँडविचचा शेवटचा घास तोंडात टाकला. "आणि मिल्का, बाहेर एक शब्द नाही. कच्ची रेषा फोडली तर पाच वर्षं तुरुंग आहे."

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. म्हणजे तुरुंगाचा पहिला गुन्हा तिथेच झाला. आई डाळ निवडत होती. तिनं मूठभर डाळ बाजूला सारली.

"तिला विचार," ती म्हणाली.

"आई, पाच वर्षं आहेत!"

"मग नको विचारू. पण मग ठरवू पण नको."

"कुणीतरी ठरवायलाच हवं ना? मी काहीच केलं नाही तर बाग गेली, हेही ठरवणंच झालं."

"तुमच्या त्या मंडळाचं पण हेच म्हणणं असेल," आई म्हणाली आणि डाळीत खडा सापडल्यासारखी खाली बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मिल्का झुहदियाकडे गेली. बागेतून जाताना तिनं प्रत्येक झाडाला हात लावला. घरी झुहदिया पाय लांब करून बसली होती, पुदिना उकळत होता. मिल्काच्या ओठांवर सगळं येऊन थांबलं होतं. सांगावं आणि व्हायचं ते होऊ द्यावं, असं तिला मनापासून वाटलं. पण घरी आई ब्याऐंशी वर्षांची, तिच्यामागे आईला कोण बघणार? मग तिनं आडून विचारायचं ठरवलं. शहाणी माणसं आडून विचारतात ना, तसं.

"झुहदिया, ही झाडं गेली तर तू काय करशील?"

"मरेन," झुहदिया म्हणाली आणि चहात साखर घातली. "दुसरं काय करणार? नबीहनं लावलीत ती. साखर दोन की तीन?"

मिल्काला उत्तर मिळालं. निदान तिला तसं वाटलं. त्या उत्तरात तिला हवं होतं ते सगळं होतं: बाग वाचेल, घर वाचेल, आणि झुहदिया तिच्या बाजूला राहील, रोजच्या चहाच्या अंतरावर. ही शेवटची गोष्ट तिनं स्वतःशीसुद्धा मोठ्यानं कबूल केली नाही. पण बटण दाबताना तिच्या डोळ्यांपुढे पुदिन्याचा तो पेलाच होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं वगळा यादीतून आपलं नाव काढलं. संध्याकाळी रेषा कायम झाली.

*

भिंत आली नाही, काटेरी तार आली नाही. कशाला हवी? तीच काचेची तार आता पहारा करू लागली. ओळखीचं नसलेलं पाऊल रेषेवर पडलं की दहा मिनिटांत गाडी हजर. रमझी पहिल्या सकाळी पिकअप घेऊन आला तर अर्ध्या वाटेवर रस्ता बंद केलेला. तो उतरून चालत निघाला, चार पावलं टाकली असतील नसतील, डोक्यावर ड्रोन घोंघावायला लागला. वरून कुणीतरी स्वच्छ अरबीत त्याला परत जायला सांगितलं. पडवीतून झुहदिया बघत होती. तिनं भाकरीची पिशवी त्याच्या हातात पाहिली, आणि ती पिशवी परत जाताना पाहिली.

मिल्का परवान्यासाठी धावली. गेर्शोननं वरच्या माणसाकडे पाठवलं, त्यानं आणखी वरच्याकडे. तिसऱ्या मजल्यावर एका तरुण बाईनं रमझीचा अर्ज पडद्यावर उघडला.

"नाकारला आहे," ती म्हणाली.

"तो तिचा मुलगा आहे. एकुलता एक."

"वर्षात शंभर फेऱ्या लागतात. इथे घर ते गाव सगळ्यांच्या मिळून एकतीस आहेत. त्यांतली त्याची एकही नाही."

"तो रोज यायचा! गाडीनं यायचा!"

"गाडी मोजत नाहीत," बाई समजुतीनं म्हणाली. "नात्याचा पुरावा पावलांवरून धरतात. नियम सगळ्यांना सारखाच आहे."

हा नियम मिल्कानंच दोन वर्षांपूर्वी एका शाळेत मुलांना समजावून सांगितला होता, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"आणि आईला गावात जाता येईल? भेटायला?"

"जाता येईल की. पण परत यायचा परवाना मिळणार नाही. तिला इथे तात्पुरतं राहू दिलंय. तीस दिवसांत काय ते ठरवायला सांगा."

मिल्का जिना उतरून खाली आली आणि शेवटच्या पायरीवर बसली. आगीतून काढून तिनं झुहदियाला फुफाट्यात टाकलं होतं. आणि तेही तिचा हात न धरता, नुसतं पाठीमागून ढकलून.

मुदत ऐकूनही सव्वीस दिवस झुहदियानं काही ठरवलं नाही. फोनवर नातींशी बोलायची. धाकटी साडेतीन वर्षांची. ती रोज विचारायची, आजी, तुझा पाय बरा झाला की येशील ना? झुहदियाचा पाय केव्हाच बरा झाला होता. मिल्का रोज भाकरी, औषधं घेऊन जायची. झुहदिया घ्यायची, चहा द्यायची आणि पूर्वेकडे तोंड करून बसायची. शेवटी मिल्काला ते सहन झालं नाही आणि तिनं सांगून टाकलं. यादी, शून्य, एकतीस, बटण, सगळं. बोलताना ती रडत होती.

झुहदियानं शेवटपर्यंत ऐकलं. ती ओरडेल, हाकलून देईल, असं मिल्काला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तू मला विचारलं होतंस," झुहदिया सावकाश म्हणाली. "झाडं गेली तर काय करशील म्हणून."

"तू मरेन म्हणालीस."

"म्हणाले. माणूस म्हणतो तसं. गुडघा दुखला तरी मी मरेन म्हणते." तिनं मिल्काकडे पाहिलं. "रमझी गेला तर काय करशील, हे का नाही विचारलंस?"

मिल्कानं हातातला पेला खाली ठेवला.

"बाग गेली असती तर मी चार दिवस छाती बडवली असती. मग रमझीच्या अंगणात दोन रोपं लावली असती. तीन मुली आहेत तिथं पाणी घालायला." तिनं चहाचे पेले उचलले. "सगळे म्हणतात तुमच्या सरकारनं आम्हाला विचारलं नाही. सरकारचं मला काही वाटत नाही ग, ते मला ओळखत नाही. तू ओळखतेस."

"मी तुझ्या भल्यासाठी..."

"ते ऐकलंय मी," झुहदिया म्हणाली. "रेडिओवर रोज सांगतात."

*

अठ्ठाविसाव्या दिवशी ती गेली. रमझीला रेषेपर्यंत यायला परवानगी नव्हती, म्हणून तो दोनशे पावलं मागे उभा होता, मुली त्याच्या पायांना धरून. झुहदियानं एक गाठोडं घेतलं, काठी घेतली. घराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. मिल्का गाठोडं धरायला पुढे झाली तेव्हा तिनं हातानंच नको म्हटलं. उतार ती एकटी उतरली. बऱ्या झालेल्या पायांनी ती घरापासून गावाकडे पहिल्यांदाच चालत निघाली होती, आणि यंत्रानं ती फेरी नोंदवली: बत्तीस.

घराला मालक उरला नाही, म्हणून महिन्याभरात घर मंडळाचं झालं, बागही झाली. बागेत पाटी लागली. मिल्कानं नोकरी सोडली, पण त्यानं कुणाचं काही अडलं नाही. तारांना शिकवणारं आता कुणी लागत नव्हतं. वर्षअखेरच्या अहवालात तिच्या उताराला उत्तम शेरा मिळाला, कारण झुहदिया गेल्यावर तिथे रेषा ओलांडणारं एकही पाऊल नोंदलं गेलं नव्हतं.

मात्र झुहदिया गेली त्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. ती दिसेनाशी झाल्यावर मिल्का पडवीत परतली. पायरीवर पितळी ताट होतं. त्या वर्षीचा मलिदा त्यातून महिन्याभरापूर्वी आला होता, बाग वाचली म्हणून मिल्काच्या आग्रहानं आईनं मुद्दाम केलेला. ताट चिंचेनं घासलेलं होतं, लख्ख आणि रिकामं.

ते घेऊन मिल्का बागेतून घरी आली. आई दारातच बसली होती. लेकीच्या हातात ताट पाहून तिनं सवयीनं विचारलं, "काय दिलं गो तिनं?"

मिल्कानं ताट पुढे केलं. आईनं ताट हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. मग ती भिंतीला धरून उठली आणि आत जाऊन ते सगळ्यांत वरच्या फळीवर, तिचा स्वतःचा हात पुरणार नाही अशा जागी, काठीनं ढकलून ठेवलं.